‘बुद्धिपुरस्सर’ म्हणजे ‘आठवडाभर आधी ठरवून’ नव्हे

भाचा वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. काल त्याच्या वहीत एक फिरती पोस्ट जशीच्या तशी उतरवलेली सापडली आणि माझं डोकं फिरलं. त्यात म्हटलं होतं: ‘बुद्धीपुरस्सर’ म्हणजे बुद्धी चालवून, बऱ्याच आधी योजना आखून केलेलं कृत्य, लिहिताना ‘द्धी’ दीर्घच हवा, आणि आधी योजना नसेल तर कायद्याने तो खून होतच नाही.

इथे बुद्धी म्हणजे हुशारी नाही, हेतू. ‘पुरः’ म्हणजे पुढे, ‘सर’ म्हणजे जाणारा. हेतू पुढे, कृती त्याच्या मागे. मधलं अंतर क्षणाचं का असेना. आपण पत्रात ‘आदरपुरस्सर नमस्कार’ लिहितो, तेव्हा आदराची योजना आदल्या दिवशी आखतो का?

ऱ्हस्व-दीर्घाचं निम्मं खरं आहे. सुटा शब्द मराठीत ‘बुद्धी’ असाच लिहितात. पण समासात पहिलं पद तत्सम (संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं) आणि मुळात ऱ्हस्वान्त असलं की ते ऱ्हस्वच राहतं: बुद्धिवाद, बुद्धिबळ, बुद्धिपुरस्सर. झालं.

खरा घात तिसऱ्या वाक्यात आहे. खुनाची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये आहे, जुन्या दंडसंहितेत ती 300 मध्ये होती. ती हेतू आणि जाणीव विचारते, पूर्वयोजना नाही. विरसा सिंग खटल्यात (1958) पोटात भाल्याचा एकच वार होता. सगळं अचानक, अवचित गाठ पडल्यावर घडलं, हे उच्च न्यायालयानेही मानलं होतं. तरी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस (आधी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे) यांनी तो खूनच ठरवला. ती जखम करायचाच हेतू होता आणि जखम सामान्यतः जीव घेण्याइतकी होती, एवढं पुरलं.

‘आधी न ठरवता’ हे शब्द कायद्यात आहेत, हे मला मान्य करावं लागेल. पण ते व्याख्येला जोडलेल्या अपवादांत आहेत, म्हणजे जिथे जीव घेणं खून ठरत नाही अशा प्रसंगांत. अचानक भांडण, रागाचा भर, शिवाय समोरच्याचा गैरफायदा घेतलेला नको आणि क्रूरपणाही नको. हे सगळं एकत्र जुळलं तरच चौथा अपवाद लागू होतो. पोस्टवाल्याने त्यातली एक अट उचलली आणि तिलाच खुनाची व्याख्या केलं. ते वाचून परीक्षेला बसणारी ही मुलं उद्या अशिलांना सल्ला देणार आहेत.