दहाच्या जागी तीसचा फ्यूज? अजिबात नको

‘गाडीचा फ्यूज सारखा उडतोय? 10 चा काढा, 30 चा टाका, विषय संपला!’ अशी सुरुवात असलेला मेसेज सगळीकडे फिरतोय. काल धाकट्या भावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘हिरवा 30 चा पडलाय, बसवू का?’ नको बसवूस. त्या मेसेजमधल्या बाकीच्या बहुतेक गोष्टी निदान नुसत्या निरुपयोगी आहेत. ही मात्र गाडी पेटवणारी आहे.

फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. 10 अँपिअरच्या लाल फ्यूजमागे बऱ्याचदा 0.5 ते 1 चौरस मिलिमीटरची वायर असते. 0.5 च्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे 0.036 ओहम. तिच्यातून 10 अँपिअर गेले तर मीटरभर वायरीत साडेतीन वॉट उष्णता तयार होते. 30 गेले तर तिप्पट नाही, नऊपट, म्हणजे 32 वॉट. 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, यावरून अंदाज करा. शिवाय ही वायर मोकळ्या हवेत नसते, डॅशबोर्डमागे टेप गुंडाळलेल्या जुडग्यात असते. आधी तिचं आवरण वितळतं, मग शेजारच्या वायरींचं.

तोवर 30 चा फ्यूज शाबूतच राहतो. गाडीतल्या या चपट्या, पात्याच्या फ्यूजचं मानक आहे आयएसओ 8820-3. त्यानुसार फ्यूजने आपल्या आकड्याच्या 110 टक्के प्रवाह 100 तास सोसलाच पाहिजे आणि दुप्पट प्रवाहाला 5 सेकंदांच्या आत उडलं पाहिजे. आता घासलेल्या वायरमधून 20 अँपिअर गळताहेत असं धरा. 10 चा फ्यूज 5 सेकंदांत तोडेल. 30 चा कधीच तोडणार नाही, तो 33 अँपिअरसुद्धा चार दिवस निवांत वाहू देईल.

उडालेल्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळायचा त्याच मेसेजमधला दुसरा सल्ला याहून वाईट, कारण तिथे मर्यादाच उरत नाही. आता त्यातले बाकीचे दावे.

‘अल्टरनेटर जास्त व्होल्टेज देतो म्हणून फ्यूज उडतो.’ अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. 12.6 चे 14.4 व्होल्ट झाले तर वाढ 14 टक्के. एवढ्याने फ्यूज उडत असेल, तर त्या सर्किटवर आधीच भार जास्त आहे.

‘फ्यूजच डुप्लिकेट असतो.’ यात थोडं तथ्य आहे, मानावं लागेल: दोष कधी फ्यूजपाशीच असतो. फ्यूज बसतो ती खाच सैल असेल तर तिथे उष्णता होऊन फ्यूज अकाली जातो, पण मग एका पायाजवळचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसतं. कोणीतरी 10 च्या जागी 5 चा बसवलेला असणंही शक्य आहे. म्हणून फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा तक्ता आधी वाचा.

‘मल्टिमीटरवर शून्य ओहम आलं की शॉर्ट.’ 55 वॉटच्या थंड बल्बचा रोधही पाव ओहमच्या आसपास असतो. नुसत्या या आकड्यावर विसंबू नका.

खरं कारण शोधायचं तर फ्यूज कधी उडतो ते पाहा. लावताक्षणी उडाला तर वायर बॉडीला टेकलीय. ठरावीक बटण दाबल्यावर उडाला तर दोष बटणाच्या पुढे. खड्ड्यात किंवा दार उघडताना उडाला तर वायर कुठेतरी घासतेय. काही मिनिटांनी उडाला तर बहुधा जड झालेली मोटर, म्हणजे ब्लोअर, वायपर किंवा पंप.

मग फ्यूजच्या जागी 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब वायरने जोडा. शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जात नाही, त्यामुळे सावकाश शोधता येतं. बल्ब लख्ख पेटला तर बहुधा शॉर्ट. मंद पेटला तर तो नेहमीच्या उपकरणाचा भार असू शकतो. त्या फ्यूजवरचे कप्लर, म्हणजे वायरींना उपकरणांशी जोडणारे प्लॅस्टिकचे जोड, एकेक करून काढत जा. ज्या कप्लरला बल्ब विझला, त्याच्या पुढे दोष. एकाही कप्लरला विझला नाही तर वायरिंग हलवत जा आणि बल्ब कुठे लुकलुकतो ते बघा. दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी, डिकीचं झाकण, सीटखालचा रूळ, म्युझिक सिस्टीमची मागची बाजू आणि नंतर बसवलेले दिवे, याच क्रमाने. सिगारेट लायटरचा फ्यूज असेल तर सॉकेटमध्ये नाणं पडलंय का तेही पाहा. एअरबॅगच्या सर्किटवर हा प्रयोग करायचा नाही.

घासलेली वायर सापडली की बॅटरीची निगेटिव्ह काढा, सोल्डर करून हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवा, वायर धारेपासून लांब क्लिपने बांधा. मग लाल 10 चाच फ्यूज लावा.