पानं मोजून लेखक जोखू नका

आयरिश लेखिका क्लेअर कीगनचं नाव काढलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "पण तिनं लिहिलंय तरी किती?" पहिला कथासंग्रह 'अंटार्क्टिका' आला १९९९ साली, दुसरा २००७ मध्ये, 'फॉस्टर' ही दीर्घकथा २०१० मध्ये. मग एकदम २०२१ मध्ये 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज', तीही जेमतेम ११६ पानांची. या आकड्यांवरून कुणी तिला आळशी किंवा 'छोटी' लेखिका ठरवलं की मला मनापासून राग येतो.

१९६८ चा जन्म. आयर्लंडमधल्या विकलोतलं शेतकरी, कॅथलिक कुटुंब आणि त्यातलं हे शेंडेफळ. सतराव्या वर्षी ती अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला गेली, तिथं इंग्रजी आणि राज्यशास्त्र शिकली आणि १९९२ मध्ये मायदेशी परतली. राज्यशास्त्र शिकलेली ही बाई राजकारणावर एक वाक्यही भाषणबाजीचं लिहीत नाही.

'स्मॉल थिंग्ज...' मधला बिल फर्लाँग कोळसा विकणारा. साल १९८५, गाव न्यू रॉस, नाताळ तोंडावर आलेला. कॉन्व्हेंटमध्ये माल टाकायला गेलेल्या फर्लाँगला कोळशाच्या कोठारात कोंडलेली मुलगी सापडते. ती आपल्या तान्ह्या बाळाची चौकशी करा म्हणून विनवते. मठाची प्रमुख त्याला आत नेऊन चहा पाजते, वर नाताळच्या कार्डात घालून पैसे देते. आणि तो ते घेतो! का घेतो? त्याला पाच मुली, आणि गावातली मुलींची चांगली शाळा याच नन्सच्या हातात. मॅग्डलीन लॉण्ड्रीज, म्हणजे लग्नाआधी आई झालेल्या आणि 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या मुलींना कोंडून राबवणारी नन्सची धुलाईघरं, इतकी वर्षं कशा चालल्या, हे कीगन एका पाकिटात दाखवते. यातली शेवटची लॉण्ड्री बंद झाली १९९६ मध्ये आणि सरकारनं माफी मागितली २०१३ मध्ये. ही कादंबरी बुकरच्या अंतिम यादीत होती, ऑर्वेल पुरस्कारही तिला मिळाला.

शेवटी फर्लाँग त्या मुलीला कोठारातून काढून आपल्या घरी घेऊन येतो. पुढं त्याच्या कुटुंबाचं काय होतं ते कळत नाही, अशी काहींची तक्रार असते. मला तो शेवट अगदी योग्य वाटतो. किंमत मोजावी लागणार हे फर्लाँगला पक्कं ठाऊक आहे, तेवढं आपल्याला पुरे. आणखी दोनशे पानं लिहून तिनं त्याला शिक्षा तरी दिली असती नाहीतर शाबासकी.

याच कादंबरीवरचा किलियन मर्फीचा सिनेमा चांगलाच आहे, पण आधी पुस्तक वाचा. आणि ज्यांनी कीगन अजिबात वाचलेली नाही त्यांनी 'फॉस्टर'पासून सुरुवात करा.