आज्ञार्थ, एकवचन

चौतीस वर्षे मी लातुरात मराठीचे व्याकरण शिकवले आणि दर वर्षी ‘आज्ञार्थ’ फळ्यावर लिहून दाखवला. परंतु आज्ञा तोंडाने कशी द्यावी हे मला निवृत्तीनंतर, सकाळी सहा वाजता, एका मैदानावर, फौजेतून परतलेल्या सुभेदारसाहेबांकडून शिकावे लागले. माझे पहिलेच वाक्य ऐकून ते म्हणाले, “सर, ही आज्ञा नाही, हा अर्ज आहे. यावर फक्त तिकीट लावायचं राहिलंय.”

या प्रकरणाचे मूळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यात आहे. उदगीरकडे त्याची शेती आहे. वर्गात त्याला विभक्तिप्रत्यय कधी आले नाहीत, पण कृतज्ञता भरपूर आली, आणि तिच्या भरात त्याने दोन महिन्यांचे करवानी जातीचे पिल्लू पिशवीत घालून माझ्या ओसरीवर आणून ठेवले. आमच्या भागात शिकारी कुत्र्यांचे दोन प्रकार लोकांना ठाऊक असतात: अंगावर आखूड केस असलेला तो करवानी, आणि कानाला व शेपटीला रेशमासारखी झालर असलेला तो पश्मी, कारण फारसीत पश्म म्हणजे लोकर. ही व्युत्पत्ती मी सौभाग्यवतींना मोठ्या उत्साहाने सांगितली, त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि “याची घाण कोण काढणार?” एवढाच प्रश्न विचारला. पुण्याच्या चिरंजीवांनी फोनवरूनच पिल्लाचे नाव ‘बॉस’ ठेवले. या नावाने पुढे काय अनर्थ होणार आहे, हे त्यावेळी घरातल्या एकमेव व्याकरणशिक्षकालाही सुचले नाही.

दहा महिन्यांत बॉस माझ्या कमरेच्या वर गेला. करवानी पळतो म्हणजे काय, हे ज्याने दोरीचे दुसरे टोक धरले आहे त्यालाच कळते. एकदा कोपऱ्यावरून मांजर गेले, तेव्हा माझी एक चप्पल, चष्मा आणि पन्नास रुपयांची कोथिंबीर असे तिघे तीन दिशांना गेले आणि मी चौथ्या दिशेला. त्या संध्याकाळी शिकवणी लावण्याचे ठरले. बाहेरगावची मुले शिकवणीसाठी खोल्या घेऊन राहतात अशा शहरात कुत्र्यालाही शिकवणी लागली, याचे आमच्या गल्लीत कुणालाच नवल वाटले नाही. शेजाऱ्यांनी फक्त बॅच कितीची आहे आणि फी हप्त्याने घेतात का, एवढेच विचारले.

कुत्र्यांच्या शिकवणीच्या या क्लबात शिक्षक तिघे. सुभेदारसाहेब फौजेची घोडे-खेचरे आणि कुत्री सांभाळणाऱ्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमधले. या दलाचे केंद्र मेरठला आहे, आणि तिथली शिस्त त्यांच्या मिशांतही उतरली आहे. दुसरे हवालदारकाका, पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले, दिवसाला साधारण बारा शब्द बोलणारे. तिसऱ्या ताई, अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळ, म्हणजे अॅजिलिटी, शिकवणाऱ्या. तिघांच्या पद्धती तीन होत्या, पण एका बाबतीत तिघांचे एकमत होते, आणि तेच माझ्या मुळावर आले: शब्द एकदाच उच्चारायचा.

आता मराठवाड्यात कोणती गोष्ट एकदा सांगून होते? आमच्याकडे पाहुण्याला जेवायला बसवायचे असले तरी “बसा” म्हणून भागत नाही. “बसा, बसा की, बसा म्हणलं ना” एवढे झाल्यावरच तो पाट ओढतो, आणि पहिल्याच हाकेला बसणारा पाहुणा हावरा ठरतो. त्यातून मी लातूर पॅटर्नमध्ये मुरलेला माणूस. तोच प्रश्न दहा सराव परीक्षांत दहा वेळा सोडवून घ्यावा आणि अकराव्यांदा बोर्डात यावा, ही आमची श्रद्धा. त्यामुळे मी बॉसला “बस, बस, बस की रे, बस म्हणलं की बस की” असे सांगत असे आणि तो शेवटी बसतही असे. हे दृश्य सुभेदारसाहेबांनी हाताची घडी घालून पाहिले आणि निदान केले: “सर, तो चुकत नाहीये. त्याला जे शिकवलं तेच तो करतोय. तुमच्या कुत्र्याचा हुकूम ‘बस’ नाही, ‘की’ आहे. आधीचं सगळं त्याच्या दृष्टीनं पाल्हाळ.”

मी पडताळून पाहिले. नुसते “की” म्हणालो. बॉस बसला.

नावाचा घोटाळा त्यानंतर उघडकीस आला. “बॉस, बस” हे दोन शब्द मी सलग उच्चारले तेव्हा हवालदारकाकांनी डोळे मिटून घेतले, आणि दिवसाच्या बारापैकी पाच शब्द खर्च करून म्हणाले, “सर, नाव बदला नाहीतर हुकूम.” हाक आणि हुकूम यांचा आवाज सारखा असू नये, हे या धंद्यातले बाळबोध कलम आहे. नाव बदलणे शक्य नव्हते, कारण चिरंजीवांनी त्या नावाचा पट्टा कोरून पाठवला होता. सुभेदारसाहेबांनी ‘सिट’ सुचवले, तेव्हा माझा भाषाभिमान आडवा आला. शेवटी मी ‘बैस’ हे रूप काढले, ते तिघांनाही पसंत पडले, आणि जुनी मराठी वाया जात नाही याचे मला समाधान वाटले.

परंतु शब्द बदलला म्हणून वृत्ती बदलत नाही. मी आज्ञार्थाने सुरुवात करी, कुत्रा आकाशाकडे पाहू लागला की विध्यर्थावर येई, “बॉस, चांगल्या कुत्र्याने बसावे,” आणि त्यानंतर सरळ संकेतार्थावर, “बसलास तर भाकरी मिळेल.” मिळे तो भाकरीचा चतकोर. हवालदारकाकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारले, “बक्षीस की जेवण?” बक्षीस हरभऱ्याच्या डाळीएवढे असावे, गिळून लगेच पुढच्या कामाला लागता यावे; चतकोर चावता चावता तो कशाबद्दल मिळाला, हे कुत्रा विसरून जातो. शिक्षक मंडळींच्या वेतन आयोगाबाबतही हेच होते, असे मी म्हणणार होतो, पण काकांचे शब्द त्या दिवसापुरते संपले होते.

ताईंचे हत्यार निराळे होते: अंगठ्याने दाबली की ‘टिक्’ वाजणारी एक लहानशी डबी. कुत्र्याने योग्य कृती केली त्याच क्षणी ती वाजवायची आणि मग खाऊ द्यायचा, म्हणजे नेमके कशाचे बक्षीस मिळाले हे त्याला कळते. त्यासाठी ताईंनी मला आधी कुत्र्याविना बसवले आणि चेंडू आपटून, तो जमिनीला टेकताच टिक् करायला सांगितले. चेंडू टेके, उसळे, कधी ताईंच्या हातात परतही जाई, आणि मग माझी टिक् येई. एवढ्या अर्ध्या क्षणाने काय बिघडते, असे मला वाटले होते. बिघडले ते असे की बॉस बसे, उठू लागे, आणि तो उठत असताना माझी डबी वाजे. परिणामी बसून ताबडतोब उठणे हाच खरा धडा आहे, असा त्याचा ग्रह झाला. शिक्षा न करता उठाबशा काढणारा माझ्या कारकिर्दीतला तो पहिलाच विद्यार्थी.

आणि एवढेही तो शब्द ऐकून करत नव्हता. सुभेदारसाहेबांनी एके दिवशी मला हात पाठीमागे बांधून, मान ताठ ठेवून “बैस” म्हणायला लावले, बॉस उभाच. मग तोंड बंद ठेवून नुसती मान किंचित खाली करायला लावली, बॉस बसला. तीन महिने मी त्याला व्याकरण शिकवत होतो आणि तो माझी मान वाचत होता. बर्लिनमध्ये गणिते सोडवणारा हान्स नावाचा घोडा होता. तो हिशेब करत नसून समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपतो, हे फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०७ साली दाखवून दिले. घोड्याच्या मालकाला तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना मला आता चांगली करता येते.

याच मानेचा, खांद्याचा आणि पायाचा सर्वांत मोठा उपद्रव ताईंच्या खेळात झाला. अॅजिलिटी हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढण्यासाठी घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून बेतून दाखवला गेला आणि पुढे जगभर पसरला. त्यात कुत्र्याने अडथळ्यांवरून उडायचे, बोगद्यातून जायचे, उभ्या काठ्यांमधून नागमोडी पळायचे, आणि मालकाने त्याला हात न लावता बरोबर धावायचे असते. धावणारा कुत्रा मालकाचे बोलणे कमी ऐकतो आणि त्याची पावले कुठे वळली हे जास्त पाहतो, असे ताईंनी दहादा बजावले होते. (त्या मात्र दहादा सांगत, नियम फक्त माझ्यासाठी होता.) मी तोंडाने “बोगदा” म्हणालो, हे मी शपथेवर सांगतो. पण सकाळचे सात वाजले होते, मैदानाच्या कडेच्या टपरीवर आले घातलेला चहा उकळत होता, आणि माझी पावले कुठे वळली होती हे मला कळायच्या आत बॉसला कळले. त्याने बाकडे हे पहिला अडथळा समजून ओलांडले, बरणीपाशी थांबला आणि चार खारी खाल्ल्या. ताई म्हणाल्या, “सर, त्याची चूक नाही. तुम्हीच तिकडं पाठवलंत.” टपरीवाल्याने पैसे घेताना हेच मत दिले.

बॉसच्या हट्टीपणाबद्दल सुभेदारसाहेबांनी एकदाच, पण समजावून सांगितले. अल्सेशियन, लॅब्रेडोर ही माणसाकडे पाहत काम करण्यासाठी घडवलेली कुत्री; करवानी नजरेने सावज हेरून त्याच्यामागे सुटणारा, आणि ससा पुढे पळत असताना मागे वळून मालकाला विचारत बसला तर ससा गेलाच. “त्याची नेमणूकच वेगळ्या खात्यातली आहे, सर. आपण त्याला प्रतिनियुक्तीवर घेतलंय.” त्या दिवसापासून मला बॉसबद्दल आदर वाटू लागला, निवडणुकीच्या कामाला जुंपलेल्या शिक्षकाबद्दल वाटतो तसा.

वर्षअखेर चाचणी झाली. कुत्र्याला बसवून वीस पावले दूर जायचे, तीन मिनिटे थांबायचे, परत येऊन सुटकेचा शब्द द्यायचा. सौभाग्यवतीही आल्या होत्या. मी हात पाठीशी घेतले, मान ताठ केली आणि आयुष्यात प्रथमच एक शब्द एकदाच उच्चारला: “बैस.” बॉस बसला. तीन मिनिटे तो दगडी नंदीसारखा बसून होता. मी परत आलो आणि सुटकेचा शब्द साफ विसरलो. “ऊठ” म्हणालो, “चल” म्हणालो, “ये” म्हणालो. त्याने एकेक शब्द ऐकून घेतला आणि आपला नाही म्हणून सोडून दिला. पाचव्या मिनिटाला मला “मोकळा” आठवले, तो मी कसाबसा उच्चारला, बॉस अर्धा उठला, आणि तेवढ्यात दोरीपलीकडून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, किती वेळ बसवायलाव त्या लेकराला, उठवा की!”

बॉस पुन्हा बसला. सुभेदारसाहेबांनी कागदावर गुण लिहिण्यासाठी उचललेला पेन्सिलीचा हात तसाच थांबला, आणि हवालदारकाका पाठ फिरवून बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले.