वाद जिंकायचाय ना? मग पाण्याकडं बघू नका

जुलै लागला की सांगलीत दोन गोष्टी चढायला लागतात. आयर्विन पुलाखालची कृष्णा आणि पुलाजवळच्या टपरीवरचा आवाज. पाण्याला ४० फुटांवर इशारा पातळी आहे, ४५ वर धोका पातळी. आवाजाला तशी काही सोय नाही. यंदा तुम्हीही पूर कशामुळं येतो या वादात उतरणारच असाल, तर थोडं शिकून उतरा. मी तीस वर्षं या बाकड्यावर बसतोय, एकदाही हरलेलो नाही.

कारण नेहमी एकच धरायचं. दोन कारणं सांगणारा माणूस टपरीवर कच्चा ठरतो. परवाचंच बघा. एक पोरगं म्हणालं, "काका, वर महाबळेश्वरला पाऊस किती पडला, कोयनेतनं पाणी कधी सोडलं, हरिपूरला वारणा किती भरून आली, पूररेषेच्या आत घरं किती झाली आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी किती होतं, हे सगळं एकत्र बघायला पाहिजे." मी एवढंच विचारलं, "अलमट्टी का कोयना? एक सांग." ते "दोन्ही..." म्हणेपर्यंत मी हात झटकला. "ह्याला धड सांगताच येईना!"

तरी चिवट होतं. म्हणालं, "नुसत्या अलमट्टीनं झालं असं नसावं." इथं घाई करायची नाही. ग्लास खाली ठेवायचा, सगळ्यांकडं एकदा बघायचं आणि म्हणायचं, "म्हणजे तू कर्नाटकच्या बाजूचा!" तो तसं म्हणाला नव्हता, हे मलाही कळतं. पण त्यानं म्हटलेलं खोडायला अभ्यास लागतो. न म्हटलेलं खोडायला नुसता घसा पुरतो.

पुढची पायरी म्हणजे गाव विचारणं. जत किंवा कवठेमहांकाळ निघालं तर देव पावला: "दुष्काळी भागातला तू, तुला पुरातलं काय कळतंय?" आणि सांगलवाडीचा निघाला तर? "तुझ्या घरात पाणी शिरलंय बाबा, तू शांत डोक्यानं कसा बोलशील?" दोन्हीकडनं आपलीच सरशी. काहीच नाही सुचलं तर विचारा, "पोहता येतं का तुला?"

पणजोबांच्या काळी, अलमट्टी नव्हतं तेव्हाही कृष्णेला पूर यायचाच, असं कुणी म्हणालं तर "तेव्हा तू होतास का?" पुरेसं आहे. (मीही नव्हतो. ते कुणी विचारत नाही.) पुरावा मागितला तर साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं, तोच पुरावा. "अलमट्टीमुळंच पूर आला." कशावरून? "आला नव्हं पूर?"

अनुभवही हाताशी ठेवा. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या आजींनी कृष्णामाईची ओटी भरली आणि दुसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं. त्याआधी सलग तीन दिवस त्यांनी ओटी भरली होती आणि पाणी चढतच होतं, हे मध्येच सांगत बसायचं नाही. कावळा बसला, फांदी मोडली, एवढंच सांगावं. आधी बसून उडालेले कावळे कोण मोजतंय?

एखादा शिकलेला भेटला की तो गौतम ऋषींची न्यायसूत्रं, म्हणजे तर्कशास्त्राचा जुना ग्रंथ, काढील. त्यात चर्चेचे तीन प्रकार आहेत म्हणे. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, काहीही करून जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं मोडायचं ती वितंडा. वर पाच हेत्वाभास, म्हणजे दिसायला कारण, आतून पोकळ. आपण साध्य हाच पुरावा केला ना, त्याला साध्यसम म्हणतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं. इतकी वर्षं आपण अंदाजानं करत होतो, ते शास्त्रात बसतंय! तेव्हा वाद मास्तरांना देऊन टाका. जल्प सकाळच्या चहाला, वितंडा संध्याकाळच्या.

तो पोरगा अजून येतो. आता बोलत नाही. कोपऱ्यात उभा राहून मोबाईलवर पातळीचे आकडे बघतो आणि छोट्या वहीत उतरवतो. काल मी विचारलं, "काय रे, पटलं का शेवटी?"

"बरोबर आहे काका तुमचं," म्हणाला. माझ्याही चहाचे पैसे दिले आणि निघाला. जाता जाता टपरीवाल्या मामांना हळूच सांगून गेला, "शेगडी आणि सिलिंडर आज रात्रीच वर न्या."

मामांनी लगेच आवरायला घेतलं. माझं म्हणणं अजून पुरं व्हायचं होतं, तर माझ्या खालचं बाकडंही उचललं.