पाच इंच बाहेर

फ्रिजच्या दुकानात लिटर चालतात, सुताराच्या तोंडी इंच आणि सूत, माहितीपत्रकात मिलिमीटर आणि आमच्या सासूबाईंकडे पातेलं. "दुधाचं मोठं पातेलं झाकणासकट आत बसतंय का?" एवढा एकच प्रश्न त्या विचारतात, आणि खरं सांगायचं तर बाकी सगळ्यांच्या मापांपेक्षा तेच जास्त उपयोगी आहे. पण फ्रिज बाहेर किती जागा खाणार, हे पातेल्यावरून कळत नाही.

स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं तेव्हा ओट्यासमोरच्या भिंतीला भांड्यांचं उंच कपाट आणि त्याच्या शेजारी फ्रिजचा खण, असं ठरलं. कपाट 24 इंच खोल, कारण ओटा 24 इंच आणि आमच्या मिस्त्रींच्या हाताला 24 इंचच ठाऊक. "फ्रिजला पण चोवीसच ठेवतो. एका लायनीत दिसतंय. बसतंय की वो वहिनी!"

बसत नाही. दोन दारांचा साधा घरगुती फ्रिज घ्या, तो दारासकट 26-27 इंच खोल भरतो. मागे हवा खेळायला दोन इंच सोडा, झाले 29. म्हणजे शेजारच्या कपाटापेक्षा फ्रिज पाच इंच पुढे, वर्गात हजेरीच्या आधीच हात वर करणाऱ्या पोरासारखा. त्यात प्लगचं बोर्ड फ्रिजच्या बरोबर पाठीमागे घेतलं, तर पिनेची जाडी आणखी वेगळी. आमच्याकडे वायरमनने ते अगदी मधोमध काढून ठेवलं होतं. ते वर सरकवायला लावलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला उजनी धरण सरकवायला सांगितलं.

सोलापुरातल्या नवी पेठेतल्या दुकानातला मुलगा मात्र खूश होता. त्याने थेट 91 सेंटिमीटर रुंदीच्या, दोन उभ्या दारांच्या फ्रिजपाशी नेऊन उभं केलं. "मॅडम, यात आठवड्याची भाजी मावते." आमच्या स्वयंपाकघराचं दार अडीच फुटांचं, म्हणजे 76 सेंटिमीटर. तो फ्रिज आडवा वळवून, दारं काढून आत गेलाही असता, पण मग उरलेल्या जागेत माणसांनाही तसंच जावं लागलं असतं. "एवढं ठेवायचं काय आत?" सासूबाईंनी विचारलं. रास्त प्रश्न. सोलापूरच्या घरात कडक भाकरी डब्यात, शेंगाची चटणी बरणीत, पाणी माठात. फ्रिजच्या वाट्याला येतं ते दूध, दही, भाजी, कणकेचा गोळा आणि कुणी कधी ठेवली ते न आठवणारी कोथिंबिरीची पिशवी.

खण आणखी खोल करता आला नसता का? आला असता, कोपऱ्यात. पण कोपऱ्यात पाण्याचं पिंप आहे, आणि ज्या शहरात नळाला दिवसाआड नव्हे, दिवसांआड पाणी येतं तिथे पिंप हलवा म्हणणं म्हणजे देव्हारा हलवा म्हणण्यासारखंच. शिवाय त्या कोपऱ्याची भिंत पश्चिमेची. मे महिन्यात संध्याकाळी तिला हात लावून बघा. नवऱ्याने माहितीपत्रकातून एक गोष्ट शोधून काढली. फ्रिजचे हवामानाप्रमाणे वर्ग असतात. 'टी' वर्गाचा फ्रिज बाहेर 43 अंशांपर्यंत नीट चालेल असा बनवलेला असतो. 43! आमचा उन्हाळा त्या आकड्याला शिवून येतो आणि एखाद्या वर्षी ओलांडूनही जातो. तेव्हा तापल्या भिंतीला पाठ लावून फ्रिज उभा करायचा नाही आणि शेगडीच्या शेजारीही नाही, हे ठरलं. ईशान्य मोकळी ठेवा, असं चुलत सासऱ्यांनी फोनवरून कळवलं. उरला तोच मूळचा खण.

आता प्रश्न दाराचा. सगळे जण मापं घेतात ती बंद फ्रिजची, आणि घरात फ्रिज बंद असतो तो फक्त रात्री. मी नवऱ्याला खणात भिंतीपासून दोन इंच सोडून उभं केलं. पोटाचा प्रश्न आला नाही, फ्रिजही साधारण तेवढाच खोल असतो. उजवा हात दार म्हणून समोर ताणायला लावला आणि शिवणाच्या टेपने मापलं. आमचं स्वयंपाकघर सात फूट रुंद. त्यातून ओट्याचे 24 इंच गेले, मागची फट आणि फ्रिजचं धड मिळून 26, उघडं दार आणखी 24. दार आणि ओटा यांच्यामध्ये उरले दहा इंच. तेवढ्यात सासूबाई कणकेची परात घेऊन आल्या, दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हात खाली घे की रे, जाऊ दे." फ्रिजने हात खाली घेतला. खरा फ्रिज घेत नाही, हे मी तिथेच कागदावर लिहून ठेवलं.

बिजागरीच्या बाजूला भिंत असली तर आणखी एक मेख. दार नव्वद अंशांत उघडलं तरी भाजीचा खालचा कप्पा दाराच्या आतल्या कप्प्यांना अडतो आणि पूर्ण बाहेर येत नाही. म्हणजे धुवायचा झाला तर अख्खा फ्रिज पुढे ओढा. म्हणून बिजागरी कपाटाच्या बाजूला नको, पिंपाच्या मोकळ्या बाजूला हवी, आणि खण फ्रिजच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच मोठा हवा. मिस्त्रींना हे पटेना. "मधी फट दिसती वहिनी, पट्टी मारून बंद करतो." आजकाल बऱ्याच फ्रिजच्या मागे पूर्वीसारखी काळी जाळी नसते, उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, पट्टी मारली तर उष्णता जाणार कुठे, हे नवऱ्याने त्यांना दोनदा समजावलं. मिस्त्रींनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि पट्टीचं लाकूड जिन्याखाली जपून ठेवलं.

फ्रिज आला. पाच इंच बाहेर आहे, आणि चार दिवसांत कुणाच्या लक्षातही येईना. पहिल्या दुपारी सासूबाईंनी बाजूला हात लावला आणि ओरडल्या, "अगं, याला ताप आलाय!" त्यांना नळ्यांचं सांगितलं. त्या गरम बाजूशी आता थंडीत दह्याचं विरजण ठेवायचा त्यांचा विचार आहे.

खरं भांडण त्या दोन-दोन इंचांच्या फटीवरून आहे. मोकळी फट मराठी घरात जगत नाही. आधी तिथे पोळपाट गेला. नवऱ्याने काढला. मग स्टीलचा ट्रे, घडी केलेल्या पिशव्या, जुनी दिनदर्शिका. तो रोज संध्याकाळी ऑफिसातून येतो, चहाच्या आधी फट रिकामी करतो आणि हवा, उष्णता, वीजबिल यांवर बोलतो. सासूबाई ऐकून घेतात. सकाळी पोळपाट परत जागेवर.

परवा घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी भाकरीचा लोखंडी तवा उभा सरकवून बघितला. बसतो.