सोमवारी मासे नकोत, थाळी नको, फ्रीझरचे तर मुळीच नको: गोव्यातल्या हॉटेलांविषयीच्या एका संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे एक लांबलचक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. ‘मी बारा वर्षे गोव्यातल्या हॉटेलांत काम केले आहे, बाहेर जेवायला जाण्यापूर्वी हे वाचा,’ अशी त्याची सुरुवात आहे. त्यातल्या सूचना थोडक्यात अशा आहेत: सोमवारी मासे मागवू नका, कारण ते शनिवारचे असतात, जून-जुलैत मिळणारी सगळी मासळी औषध मारलेली असते, फ्रीझरमधले म्हणजे शिळे, थाळी म्हणजे कालचे उरलेले, सगळे रस्से एकाच पातेल्यातून निघतात, आचारी गोव्याचा नसेल तर तिथे गोव्याचे जेवण मिळत नाही, महागडे हॉटेल स्वच्छ असते, आणि जेवणाबद्दल कधीही तक्रार करू नका, कारण आत गेलेल्या ताटाचे काय होते ते तुम्हाला कळत नाही.

मीही याच धंद्यात 16 वर्षे आहे. म्हापशाच्या एका खानावळीत भांडी घासण्यापासून सुरुवात केली, पुढे किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे हंगामी झोपडीवजा हॉटेलात, पाच हंगाम काढले आणि सध्या पणजीतल्या एका मध्यम हॉटेलचे स्वयंपाकघर सांभाळतो. संदेश लिहिणाऱ्याने हॉटेलात काम केले असेलही, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. बाहेरच्या जेवणात धोके असतात हेही खरे आहे. परंतु हे धोके अन्न किती वेळ कोणत्या तापमानात राहिले यावर ठरतात, आणि हा संदेश मात्र त्यांचे खापर वारावर, थाळीवर आणि आचाऱ्याच्या गावावर फोडतो. त्यामुळे वाचणारा नको त्या गोष्टीला घाबरतो आणि ज्याची चौकशी करायला हवी ते विचारायचे राहूनच जाते.

सोमवारची सूचना आधी घेतो, कारण तीच सर्वांत जास्त लोकांना पटलेली दिसते. ज्या शहरांत घाऊक मासळी बाजार रविवारी बंद असतो आणि हॉटेले आठवड्याचा माल शुक्रवारी भरून ठेवतात, तिथे या सल्ल्याला अर्थ आहे. गोव्यातला सोमवार निराळा आहे. इथल्या असंख्य हिंदू घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, त्यामुळे स्थानिक गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या खानावळीत त्या दिवशी शाकाहारी थाळ्या जास्त जातात आणि शहाणा मालक मासळी कमीच घेतो. रविवारची मासळी उरून सोमवारी वापरली जाते असे कुठेच घडत नाही, असा दावा मी करणार नाही. पण ‘आजची मासळी’ या शब्दांचाच अर्थ आधी समजून घ्यायला हवा. रापणीने (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याने) किंवा लहान होडीने पहाटे धरलेला बांगडा खरोखरच त्या दिवसाचा असतो. उलट मोठा ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात राहून मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीला लागतो तेव्हा त्यातले काही मासे आजच उतरलेले असले तरी चार-पाच दिवसांपूर्वी धरलेले असतात. ते या सगळ्या काळात बर्फात नीट राहिले असतील तर उत्तम असतात, आणि सकाळी धरलेला बांगडा दुपारपर्यंत उन्हात टोपलीत पडला असेल तर तो मंगळवारीही वाईटच.

बांगड्याचे नाव मी मुद्दाम घेतो. बांगडा, तारले, कुप्पा यांसारखे मासे गरम हवेत राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामीन तळून, उकळून किंवा तिरफळे घालून जात नाही. मासे खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे आणि अंगाला खाज सुटणे, हे पुष्कळदा ‘मासळी बाधली’ किंवा ‘मासळीची ॲलर्जी’ म्हणून सोडून दिले जाते. मूळ दोष बर्फाच्या टंचाईत असतो. म्हणून वार विचारण्याऐवजी मासा बघायला मागा. गोव्यातल्या बऱ्याच हॉटेलांत इसवण (सुरमई), चणक (जिताडा), पापलेट ताटात मांडून टेबलाशी आणून दाखवतात. कल्ला उचलून पाहावा, तो लालभडक असावा, तपकिरी नसावा. डोळा फुगीर आणि नितळ असावा. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यावा. आणि वास समुद्राचा यावा. मासळी बाजारात आपण हे सगळे अगदी सहज करतो, मग हॉटेलात ते करायला का लाजावे, हे मला खरोखर कळत नाही.

जून-जुलैबद्दलच्या सूचनेमागे एक खरी आठवण आहे. जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे नासणे रोखणारे घातक रसायन, असल्याचा संशय आला, तपासणीच्या निष्कर्षांवरून मोठा वाद झाला आणि सरकारने काही काळ बाहेरच्या मासळीवर बंदी घातली. त्या दिवसांत आमच्याकडे लोक फक्त डाळ-भात मागवत होते, आणि त्यांचे चुकत नव्हते. बाहेरच्या मासळीवर नजर ठेवणे आजही आवश्यक आहे. परंतु ‘सगळी मासळी औषध मारलेली’ असे म्हणणाऱ्याला पावसाळ्यातले गोवा ठाऊक नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पारंपरिक होड्या मात्र हवामान पाहून जात असतात. याच काळात खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, मानशींवर (पाण्याच्या दरवाजांवर) जाळी लागतात, नद्यांतून शेवटे (बोय) येतात, चणक तर शेततळ्यांत आणि पिंजऱ्यांत वाढवलेलेही मिळतात. शिवाय मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत, भरून ठेवलेला सुका बांगडा आणि सुकी सुंगटे (कोळंबी) असतातच. आषाढातल्या पावसात सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरे घातलेली कोशिंबीर), उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी वाढणारी खानावळ तुम्हाला कमी प्रतीचे काही देत नसते, ती मोसमाला धरून वागत असते. त्या दोन महिन्यांत संशय घ्यायचाच असेल तर तो ज्या हॉटेलाच्या कार्डावर डिसेंबरमधली सगळी मासळी डिसेंबरच्याच भावात ‘ताजी’ म्हणून छापलेली असते, त्याच्याबद्दल घ्यावा.

फ्रीझरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे संदेशाने अर्धे सत्य पकडले आहे. उणे 18 अंशांवर नीट गोठवलेली कोळंबी किंवा माणके (स्क्विड) शिळी नसतात; मोसमात भरपूर आणि स्वस्त असताना घेऊन, साफ करून, पातळ थरात गोठवलेला माल बाजारात उन्हात बसलेल्या ‘ताज्या’ मालापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. धोका आहे तो गोठून वितळलेला आणि पुन्हा गोठवलेला माल खाण्यात. मी पूर्वी ज्या एका ठिकाणी होतो, तिथे वीज वाचवण्यासाठी रात्री फ्रीझर बंद करत असत आणि सकाळी आम्ही येण्यापूर्वी तो सुरू झालेला असे. मला संशय आला तेव्हा मी एक वाटी पाणी गोठवले, बर्फावर रुपयाचे नाणे ठेवले आणि ती वाटी मागच्या कोपऱ्यात सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीतला बर्फ टणक होता, पण नाणे तळाशी होते. म्हणजे रात्रीतून सगळे वितळले होते आणि पहाटे पुन्हा गोठले होते. मी ती वाटी मालकांसमोर ठेवली, त्यांनी ती मोरीत ओतली आणि विषय बदलला. महिन्याभरात मी ती नोकरी सोडली. फ्रीझर असणे हा त्या हॉटेलाचा दोष नव्हता, तो रात्री बंद करणे हा होता. गिऱ्हाइकाला नाणे ठेवता येत नाही हे मी जाणतो, परंतु दोनदा गोठलेला मासा ताटात ओळखता येतो: तो भुसभुशीत होतो, तव्यावर पाणी सोडतो आणि वरचा रवा चिकटून न राहता पापुद्र्यासारखा सुटतो.

थाळीवरचा आरोप मला सर्वांत जास्त लागला. दुपारच्या शीत-कडीच्या, म्हणजे भात-आमटीच्या, खानावळीइतका वेगाने संपणारा माल आमच्या धंद्यात दुसरा नसतो. सकाळी साडेसहाला नारळ फुटतात, नऊपर्यंत वाटण रगड्यातून निघते, अकराला हुमण (माशांची आमटी) उतरते आणि अडीच-तीनपर्यंत पातेले खरवडून झालेले असते. ओल्या नारळाचे वाटण आमच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबू लागते, त्यामुळे ते दुसऱ्या दिवसावर ढकलणे मालकालाच परवडत नाही. याउलट दीडशे पदार्थांचे कार्ड असलेल्या जागी, ज्या पदार्थाची आठवड्यातून एखादीच ऑर्डर येते त्याचा कच्चा माल कुठे आणि किती दिवस पडून असतो, याचा विचार करावा. राहिला प्रश्न ‘कालचे’ या शब्दाचा. गोव्याच्या घराघरांत काल्ची कडी मंद आचेवर दाट होईपर्यंत आटवून सकाळी पावाबरोबर खातात आणि ती आवडीने खातात. अन्न लवकर थंड करून, नीट झाकून, दुसऱ्या दिवशी चांगले उकळले तर ‘काल’ हा दोष ठरत नाही. खरी भीती भाताची असते. शिजवलेला भात तासन्‌तास उघड्यावर कोमट राहिला तर त्यात असे विष तयार होऊ शकते की ते परत गरम करूनही जात नाही; पण फ्राइड राइसबद्दल संदेशात अवाक्षर नाही.

रस्से एकाच पातेल्यातून निघतात, हे कांदा-टोमॅटोच्या पंजाबी पदार्थांपुरते बहुतांश खरे आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पंधरा मिनिटांत तुमच्यापुढे पनीर यायचे असेल तर ग्रेव्ही आधीच तयार असावी लागते. शागुती (भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा), काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी) आणि आंबटतीक (माशांचा आंबट-तिखट रस्सा) मात्र एका पातेल्यातून निघूच शकत नाहीत. माशात भरायचा रेशादचा लाल मसाला तर आम्ही व्हिनेगरमध्ये वाटून मुद्दाम काही दिवस मुरवतो.

आचारी गोव्याचा नसल्याच्या मुद्द्यावर मला स्पष्ट बोलायचे आहे. माझ्या शेजारच्या चुलीवर ओडिशाचा एक सहकारी गेली सात वर्षे उभा आहे. शागुतीसाठी खोबरे भाजताना ते कधी उतरवायचे, हे तो रंगावरून ठरवत नाही. खोबऱ्याला तेल सुटून कढईच्या कडेला बारीक चरचर सुरू झाली की तो आच बंद करतो, कारण कढईच्या उष्णतेवर ते पुढे आपोआप गडद होते. ही गोष्ट त्याला पेडण्याच्या एका मावशींनी शिकवली आणि मला त्याने शिकवली. ज्या मिरचीशिवाय आमचे हुमण होत नाही ती पोर्तुगीजांबरोबर आली, आणि काफ्रियालचे मूळ आफ्रिकेत सांगतात. चव बिघडलेली असेल तर ती बिघडली म्हणा, मालकाने नारळाऐवजी पावडर वापरली म्हणून त्याला बोला. पण जो माणूस चार महिने घरी न जाता आपल्यासाठी आपले जेवण शिकला, त्याच्या गावावरून त्याचे ताट परत पाठवू नका.

महागडे म्हणजे स्वच्छ, यावर फार लिहीत नाही. शिजलेले अन्न 60 अंशांच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली ठेवायचे असते, आणि चांदीसारख्या झाकणाखाली तीन तास कोमट होत गेलेला बुफे हा नियम खानावळीच्या चुलीवर उकळणाऱ्या पातेल्यापेक्षा जास्त वेळा मोडतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक लहान-मोठ्या सर्वांना लागू आहे आणि 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणेही सक्तीचे आहे. क्रमांक आहे म्हणजे सगळे स्वच्छ आहे असे नाही, परंतु जिथे तोही नाही तिथे कशाचाच हिशेब नसतो. या संदेशात तळणीच्या तेलाबद्दलही एखादी ओळ असायला हवी होती. तेच तेल पुन्हापुन्हा तापवण्यावर 1 जुलै 2018 पासून कायद्याने मर्यादा आहे आणि ती मर्यादा अनेक ठिकाणी पाळली जात नाही, हे मी नाइलाजाने मान्य करतो. त्याच कढईत मासे आणि भजी दोन्ही तळली जातात, हेही खरे आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी जरूर विचारावे.

आता शेवटची सूचना, तक्रार न करण्याची. ती सर्वांत घातक आहे. परत आलेल्या ताटात कोणी सूड म्हणून काही मिसळल्याचे मी 16 वर्षांत एकदाही पाहिलेले नाही, आणि माझ्या स्वयंपाकघरात कोणी तसा विचारही बोलून दाखवला तर तो त्या दिवशीच घरी जाईल. ताट परत येते तेव्हा आम्ही आधी ते चाखतो. दोन वर्षांपूर्वी एका आजींनी तिसऱ्यांचे सुके दोन घासांनंतर परत पाठवले. वाढणारा मुलगा घाबरत घाबरत आत आला आणि म्हणाला, ‘दादा, आजी म्हणतात, हे बरे लागत नाही.’ मी पातेल्यात डाव घातला तेव्हा न उघडलेले शिंपले हाताला लागले; सकाळच्या घाईत ते निवडून टाकायचे राहून गेले होते आणि त्यांतल्या एकाचा वास बरोबर नव्हता. तोवर त्या पातेल्यातून तीन वाट्या गेल्या होत्या आणि आणखी वीस जायच्या होत्या. आम्ही तीनही टेबलांवरून वाट्या उचलल्या, माफी मागितली आणि पातेले रिकामे केले. आजींनी पैसे द्यायचा आग्रह धरला, तो आम्ही मानला नाही. पुढच्या शुक्रवारी त्या परत आल्या आणि त्यांनी तिसऱ्याच मागवल्या.