सूप ठीक आहे, पण फॉर्मचं काय?

अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या अझोरियन (पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरच्या) आजींवरचा लेख वाचला. त्यात त्यांचं सगळं कौतुक होली घोस्टच्या फेस्तातल्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती सणातल्या, सूपावर झालंय आणि 'नागरिकत्वाचे फॉर्मही भरून द्यायच्या' हे एक वाक्य शेवटी कसंबसं आलंय, मला तर हे अगदी उलटं वाटलं. सूप भारीच असतं हो, त्या भागात नोकरीला होतो तेव्हा खाल्लंय, ब्रेडवर बीफचा रस्सा आणि वर पुदिना, आणि येईल त्याला फुकट! पण त्या पातेल्यांपाशी मदतीला हात खूप असतात. फॉर्म घेऊन बसणारं कोणीतरी एकच असतं.

आणि त्याचं मोल कळायला अमेरिकेचा १९९६ चा स्थलांतराचा कायदा माहीत पाहिजे. अझोर्समधला कापेलिन्योशचा ज्वालामुखी १९५७ मध्ये फुटला, मग अमेरिकेच्या १९५८ च्या खास कायद्याने आणि १९६५ मध्ये स्थलांतराचे नियम बदलल्यावर तर भराभर ही माणसं अमेरिकेत आली, मिलमध्ये लागली, ग्रीन कार्डावरच राहिली, नागरिकत्व घ्यायचं बऱ्याच जणांचं राहूनच गेलं. १९९६ नंतर जुन्या गुन्ह्यांवरूनही ग्रीन कार्डवाल्यांना परत पाठवायला लागले, तान्हं असताना आलेली पोरं मोठेपणी थेट अझोर्समधल्या साओ मिगेल बेटावर, काहींना तर पोर्तुगीजही धड येत नव्हतं. आईबापांनी वेळेत नागरिकत्व घेतलं असतं तर यातली कितीतरी वाचली असती. आपल्या मंडळांतही मोदकवाल्यांचे फोटो येतात, म्हाताऱ्यांना सरकारी ऑफिसात नेणाऱ्या काकांचा नाही. लेखकाने आजींच्या फॉर्मवाल्या कामावर वेगळं लिहावं, प्लीज.